तारांचा ताळेबंद (भाग 9) : आधी घसारा, मग थकबाकी

थकबाकीवर आज लिहितो असं कबूल केलं होतं, पण ती पुढच्या आठवड्यावर टाकतो. सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न ओलांडून पुढे जाववत नाही. ते विचारतात, मे 2024 मध्ये देशाची विजेची मागणी अडीच लाख मेगावॉटला जाऊन भिडली, विक्रम झाला. तरीही पॉवरग्रिड या केंद्राच्या पारेषण कंपनीचा एकत्रित निव्वळ नफा 2023-24 मध्ये 15,573 कोटी रुपये होता, तो 2024-25 मध्ये 15,521 कोटींवर आला. वीज जास्त वाहिली, मग नफा वाढायला नको?

निम्मं उत्तर नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. पारेषण वाहिनीला पैसे मिळतात ते ती सज्ज असण्याचे. एसी वाहिन्यांसाठी उपलब्धतेचा निकष 98 टक्के आहे आणि पॉवरग्रिडची उपलब्धता वर्षानुवर्षं 99.8 टक्क्यांच्या आसपास राहते. मग तारेतून हजार मेगावॉट जावोत की चारशे, मालकाचं वार्षिक शुल्क ठरलेलंच.

उरलेलं उत्तर घसाऱ्यात आहे. वार्षिक अहवालातलं हे माझं सगळ्यात आवडतं पान, आणि बहुतेक लोक नेमकं तेच उलटून टाकतात.

हजार कोटींची एक वाहिनी घ्या. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या हिशेबात त्यातले 700 कोटी कर्ज आणि 300 कोटी भागभांडवल. 2019 ते 2024 च्या नियमांप्रमाणे भागभांडवलावर 15.5 टक्के परतावा, म्हणजे वर्षाला साडेशेहेचाळीस कोटी. घसारा 5.28 टक्के, म्हणजे 52.8 कोटी. कर्जाचं व्याज आठ टक्के धरलं तर पहिल्या वर्षी सुमारे 54 कोटी. देखभाल, आयकर आणि खेळत्या भांडवलाचं व्याज सोडून दिलं तरी बेरीज 153 कोटींवर जाते.

आता तेरावं वर्ष पाहा. आयोगाच्या हिशेबात दरवर्षीचा घसारा हीच त्या वर्षीची कर्जफेड. बारा वर्षांत 633.6 कोटी फिटले. कर्ज जेमतेम 66 कोटी उरलं, त्याचं व्याज पाच कोटींच्या आत. घसाऱ्यालाही उतार. किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंतच तो लावता येतो, आणि राहिलेले 266.4 कोटी उरलेल्या 23 वर्षांवर पसरायचे, म्हणजे वर्षाला साडेअकरा कोटी. बेरीज 63 कोटी! मनोरे तेच, तारा त्याच, आणि शुल्क निम्म्याच्याही खाली.

या घसरणीत परताव्याचे साडेशेहेचाळीस कोटी मात्र जागचे हलले नाहीत. पहिल्या वर्षी तेवढेच, तेराव्यालाही तेवढेच. म्हणजे जुन्या वाहिनीचं उत्पन्न उतरत जातं आणि नफा सपाट राहतो. नफा वाढायचा तर नव्या वाहिन्या उभ्या राहून त्यांचं भागभांडवल पायाभूत रकमेत चढायला हवं. सांगलीकरांच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. 2022-23 चा नफा 15,420 कोटी होता. तिन्ही आकडे शेजारी मांडले की दिसतं, मागणीच्या विक्रमाची या पानाला खबरही नाही.

आपल्या जवळचं उदाहरण रायचूर-सोलापूर 765 केव्ही वाहिनीचं. 31 डिसेंबर 2013 ला तिनेच दक्षिणेचं ग्रिड उर्वरित देशाशी जोडलं. या हिशेबाने तिची बारा वर्षं 2025 च्या अखेरीस भरतात आणि एप्रिल 2026 पासून घसारा खाली येतो. ज्या वाहिनीने ‘एक देश, एक ग्रिड’ साधलं, ती आता स्वस्ताईच्या वयात आली.

पण 35 वर्षं टिकणाऱ्या वाहिनीला बाराच वर्षं इतका जड घसारा का? कारण बँका. कर्ज साधारण तेवढ्याच मुदतीत फेडायचं, तर रोकड आधी हवी. 2009 पूर्वी वाहिन्यांचा घसारा आयुष्यभर सारखा वाटलेला होता, 2.57 टक्के. कर्जफेडीला तो पुरला नाही तर ‘आगाऊ घसारा’ नावाने वेगळी रक्कम मिळे. 2009 च्या नियमांनी ती आगाऊ रक्कम काढून दरच 5.28 केला. मला ही व्यवस्था कधीच पटली नाही. आजचा ग्राहक पुढच्या पिढीच्या तारांचे पैसे आधीच भरतो.

2024 ते 2029 च्या नियमांत आयोगाने थोडी दुरुस्ती केली. नव्या प्रकल्पांसाठी घसारा 4.22 टक्के, मुदत 15 वर्षं, आणि नव्या पारेषण प्रकल्पांवरचा परतावा 15 टक्के. आपल्याच हजार कोटींच्या वाहिनीला हे लावलं तर पहिल्या वर्षाची बेरीज 141 कोटींच्या घरात येते. दिशा बरोबर आहे. मुदत अजून वाढवायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत.

स्पर्धात्मक निविदेतून मिळालेल्या वाहिन्यांना यातलं काहीच लागू नाही. तिथे 35 वर्षांचं शुल्क बोलीतच ठरतं. त्यावर स्वतंत्र भाग लिहावा लागेल.

वाचकांना एक विनंती. पॉवरग्रिडचा किंवा आपल्या महापारेषणचा पुढचा वार्षिक अहवाल हाती आला की नफ्याच्या आकड्यावर थांबू नका. वर्षभरात किती रुपयांची नवी मालमत्ता वापरात आली, ते आधी शोधा. थकबाकी पुढच्या आठवड्यात, नक्की.