बातम्यांच्या चित्रफिती आणि इंग्रजी शब्द

इंग्रजी भाषा आपल्याकडे पुष्कळांना वाचतां येते; ऐकून समजते ती मात्र थोड्यांनाच. मराठी माध्यमाच्या शाळेंत आठ-दहा वर्षें इंग्रजी शिकलेला, शब्दांचे अर्थ घोकून परीक्षा उत्तीर्ण झालेला मुलगा पुढें पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत जातो आणि पहिल्याच इंग्रजी व्याख्यानांत गांगरून जातो. व्याख्यात्याच्या तोंडचे बहुतेक शब्द त्यानें पुस्तकांत पाहिलेले असतात; पण त्याच्या कानाला ते परके असतात. कित्येक होतकरू मुलें एवढ्या एका अडचणीमुळें स्वतःला मंदबुद्धीचीं समजूं लागतात. वस्तुतः उणीव बुद्धीची नसते, सरावाची असते. बातम्यांच्या चित्रफिती हें ती भरून काढण्याचें एक सुलभ साधन आहे. त्याचा उपयोग कसा करावा, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

पहिला नियम असा, कीं बातमी आधींच माहीत असलेली घ्यावी. भारताचें चांद्रयान-३ ता. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशांत उतरलें, ही हकीकत मराठी वृत्तपत्रांनीं घरोघर पोंचविली होती. अशा घटनेची इंग्रजी चित्रफीत पाहतांना काय घडलें हें शोधण्याचे श्रम पडत नाहींत. सारें लक्ष शब्दांकडे देतां येतें. पडद्यावर यानाचें चित्र खालीं खालीं सरकूं लागलें कीं 'डिसेंट' हा शब्द ऐकूं येतो, यान जमिनीला टेकतांच 'टचडाउन' म्हणतात, आणि चंद्रासंबंधीं जें जें कांहीं असेल त्याला 'लूनर' हें विशेषण लागतें. कोश न उघडतांहि हे शब्द आपला अर्थ सांगून जातात.

मराठी माणसाची आणखी एक निराळी अडचण आहे. शेंकडों इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यांत रुळले आहेत. परंतु त्यांचे एक-दोनच अर्थ आपल्या पदरीं पडले आहेत. 'टोल' म्हणजे नाक्यावर द्यावयाचे पैसे, 'क्लेम' म्हणजे विम्याच्या रकमेची मागणी, 'चार्ज' म्हणजे कचेरींत हातीं घ्यावयाचा कारभार किंवा मोबाईलमध्यें भरावयाची वीज. महापुराच्या इंग्रजी बातमींत मात्र 'डेथ टोल' म्हणजे मृतांची संख्या असते. तोच पूर माणसांचे प्राण 'क्लेम' करतो, म्हणजे त्यांचा बळी घेतो. न्यायालयाच्या बातमींत एखाद्यावर चोरीचा 'चार्ज' येतो, तो आरोप होय. अनोळखी शब्द माणसाला सावध करतो. अर्धवट ओळखीचा शब्द त्याला गाफील ठेवतो. म्हणून आपण रोज वापरतों ते इंग्रजी शब्द बातमींत आले, कीं अधिक कान देऊन ऐकावे.

यावरूनच दुसरा नियम निघतो. शब्द एकटा टिपूं नये. शेजारच्या शब्दांसह टिपावा. 'लॉन्च' हा शब्द घ्या. इंग्रजी बातमींत अग्निबाण 'लॉन्च' होतो, चौकशी 'लॉन्च' होते आणि नवी मोटारहि 'लॉन्च' होते. मराठींत आपण अग्निबाण सोडतों, चौकशी सुरू करतों, मोटार बाजारांत आणतों. ज्यानें वहींत 'लॉन्च म्हणजे सोडणें' एवढेंच लिहून ठेवलें, तो चौकशी सोडून दिली असें समजेल. म्हणजे नेमका उलटा अर्थ घेईल!

चित्राचा जसा उपयोग, तसा धोकाहि आहे. पूर, आग, मिरवणूक यांचें चित्र शब्दाचा अर्थ प्रत्यक्ष दाखवितें. 'इन्फ्लेशन' म्हणजे महागाई. तिला स्वतःचें रूप नाहीं, म्हणून तिच्या बातमींत बहुधा भाजीबाजार दाखवितात. केवळ चित्रावर विसंबणाऱ्याला इन्फ्लेशन म्हणजे मंडई वाटावयाची! अशा शब्दांना कोशाचाच आधार घ्यावा.

आतां प्रत्यक्ष अभ्यास. दोन मिनिटांची एकच चित्रफीत तीनदां पाहावी. प्रथम न थांबतां पाहून मुख्य मुद्दा मनांत धरावा. दुसऱ्या वेळीं प्रत्येक वाक्यानंतर थांबून ऐकूं आलें तें लिहावें. तिसऱ्या वेळीं पडद्याखालीं उमटणारीं इंग्रजी वाक्यें, म्हणजे सबटायटल, लावून आपलें लेखन पडताळावें. मग ध्यानांत येतें, कीं लिहिलेला 'ऑफ' निवेदकाच्या तोंडीं नुसता 'अव्' उरतो आणि 'कुड हॅव' यांतला 'हॅव'हि तसाच 'अव्' होतो. कान कोठें चुकतो, तें असें नेमकें सांपडतें. शेवटीं पांच शब्द निवडून तीच बातमी चार इंग्रजी वाक्यांत मोठ्यानें सांगावी, आणि दुसऱ्या दिवशीं त्या शब्दांची उजळणी करावी. विस्मरणाचा वेग आरंभीं सर्वांत अधिक असतो, हें एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानें १८८५ मध्येंच प्रयोगानें दाखविलें होतें.

आरंभीं सोपें साहित्य घ्यावें. 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या संस्थेनें १९५९ मध्यें सुमारें १,५०० शब्दांच्या मर्यादेंत, संथ गतीनें इंग्रजी बातम्या देण्याचा उपक्रम सुरू केला. पुढें त्याच धर्तीवर चित्रफितीहि निघाल्या. मात्र बातमीची भाषा ही घरगुती भाषा नव्हे. मथळ्यांत चौकशीला 'प्रोब' म्हणतात. तो आटोपशीर शब्द मथळ्यांतच शोभतो, रोजच्या संभाषणांत नाहीं.

रोज पांच शब्द म्हटले, तर सहा महिन्यांत सुमारें नऊशें होतात. त्यांतले निम्मे विसरले तरी साडेचारशें शब्द कानाच्या कायमच्या ओळखीचे होतील. व्याख्यान ऐकतांना गांगरणाऱ्या त्या मुलाला एवढी शिदोरी लहान नाहीं.