विश्लेषण : जुन्या स्पोर्ट्स कारचा ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी तपासायचा कशाला?

कॅलिफोर्नियात १९७६ किंवा त्यानंतरच्या मॉडेलची पेट्रोल गाडी असेल, तर साधारणपणे दर दोन वर्षांनी ‘स्मॉग चेक’ करून घ्यावा लागतो. तो पास झाला नाही, तर नोंदणीचे नूतनीकरण अडते. बे एरियातील मराठी कुटुंबांनाही ही तपासणी चुकत नाही. नव्या गाडीला केबल जोडून तिच्या संगणकाची साक्ष घेतली की काम होते. मात्र १९९९ पर्यंतच्या गाड्या राज्याच्या बहुतेक शहरी भागांत रोलरवर चढवतात, ताशी सुमारे २४ आणि ४० किलोमीटर वेगाने पळवतात आणि सायलेन्सरमधून निघणारा धूर प्रत्यक्ष मोजतात.

नव्वदच्या दशकातली माझदा एमएक्स-५ मियाटा इथे नापास झाली, की मालकाला पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो: ‘ऑक्सिजन सेन्सर गेला असेल, बदलून टाका.’ सेन्सर स्वस्त असतो, दुपारभरात बदलता येतो. त्यामुळे सल्ला पटतो. पण बिघाड दुसरीकडेच असेल, तर नवा सेन्सरही तेच सांगत राहतो, आणि तोवर धुराच्या वाटेवर पुढे बसलेला महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळत असतो. मुद्दा सेन्सर बदलता येतो का हा नाही, तो बदलायला हवा का हा आहे.

ऑक्सिजन सेन्सर नेमके काय करतो?

पेट्रोल इंजिनात एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स या तिन्ही घातक घटकांना एकाच वेळी निष्प्रभ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या प्रमाणाच्या अगदी आसपासच नीट काम करतो. प्रमाण राखायचे, तर इंजिनाच्या संगणकाला धुरात किती ऑक्सिजन उरला हे कळायला हवे. ती खबर हा सेन्सर देतो. बॉशने विकसित केलेला असा सेन्सर व्होल्वोने १९७६ मध्ये पहिल्यांदा मोटारीत बसवला.

त्याच्या टोकाला झिर्कोनियाची, म्हणजे एका प्रकारच्या सिरॅमिकची, अंगुस्तानासारखी छोटी टोपी असते. तिच्यावर प्लॅटिनमचा पातळ थर असतो. बाहेरच्या बाजूला धूर, आतल्या बाजूला साधी हवा. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्यावर दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या फरकातून वीज तयार होते. इंधन जास्त असेल तर ०.८ ते ०.९ व्होल्ट, हवा जास्त असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास.

गंमत अशी, की जुन्या गाड्यांतला हा सेन्सर किती कमी किंवा किती जास्त हे सांगतच नाही. आमटी चाखून ‘खारट’ किंवा ‘अळणी’ एवढेच म्हणणाऱ्या माणसासारखा तो असतो. म्हणून संगणक सतत थोडे इंधन वाढवतो, ‘खारट’ ऐकले की कमी करतो, ‘अळणी’ ऐकले की पुन्हा वाढवतो. निरोगी सेन्सरचा व्होल्टेज असा सारखा वर-खाली नाचत असतो. तो नाचायचा थांबला, की काहीतरी बिनसले आहे.

मियाटाच का?

शिकागोच्या मोटार प्रदर्शनात फेब्रुवारी १९८९ मध्ये आलेली ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी जगात सर्वाधिक विकली गेलेली अशी स्पोर्ट्स कार आहे. एप्रिल २०१६ मध्ये तिचे उत्पादन १० लाखांवर पोहोचले. पहिल्या पिढीच्या पुष्कळ गाड्या आजही रस्त्यावर आहेत आणि त्यांचे मालक अनेकदा स्वतःच पाना हातात घेतात.

अमेरिकेत विकल्या गेलेल्या १.६ लिटर इंजिनाच्या सुरुवातीच्या गाड्यांत, म्हणजे १९९३ पर्यंत, एकाच वायरचा सेन्सर होता. त्याला स्वतःचा हीटर नाही. इंजिनाच्या धुराने तापेल तेव्हा तापेल. १९९४ मध्ये १.८ लिटर इंजिन आले आणि त्याच्याबरोबर चार वायरींचा, हीटरवाला सेन्सर. १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्याच नव्या मोटारींना ओबीडी-२ ही स्वयंतपासणी सक्तीची झाली, त्यामुळे कन्व्हर्टरच्या पुढे दुसरा सेन्सर बसला. पहिला इंधनावर लक्ष ठेवतो, दुसरा कन्व्हर्टरवर.

खोटे कोण बोलते आहे?

जुन्या गाडीत सगळ्यात जास्त फसगत इथे होते. समजा संगणक सांगतो, की सेन्सर सतत ‘हवा जास्त’ म्हणतो आहे. सेन्सर मेला असेल, हे शक्य आहे. पण तीस वर्षांच्या रबरी नळीला तडा जाऊन इंजिनात जादा हवा शिरत असेल, तर सेन्सर खरेच बोलतो आहे. त्याच्या आधीच्या मॅनिफोल्डला बारीक चीर असेल, तर धुराच्या दोन धक्क्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला तीच दिसते. चौथी शक्यता सर्वांत फसवी. एखादा स्पार्क प्लग पेटत नसेल, तर त्या सिलिंडरमधले पेट्रोल न जळता बाहेर पडते आणि ऑक्सिजनही न वापरता बाहेर पडतो. सेन्सर फक्त ऑक्सिजन ओळखतो. तो म्हणतो ‘हवा जास्त’, संगणक आणखी पेट्रोल ओततो, आणि ते सगळे कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते.

म्हणून सुटे भाग मागवण्याआधी एक मल्टिमीटर हवा. इंजिन पूर्ण गरम करायचे, ते मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवायचे आणि सेन्सरच्या सिग्नल वायरवरचा व्होल्टेज पाहायचा. दहा सेकंदांत तो अनेकदा वर-खाली झाला पाहिजे. एकाच जागी अडकला असेल, तर मुद्दाम चिथावून पाहायचे. व्हॅक्यूमची एक नळी क्षणभर काढली तर व्होल्टेज झटकन पडायला हवा. हवेच्या वाटेत थोडा प्रोपेन सोडला तर झटकन चढायला हवा. दोन्हीला तत्पर प्रतिसाद मिळाला, तर सेन्सर जिवंत आहे आणि चोर दुसरीकडे आहे. प्रतिसाद आलाच नाही किंवा रेंगाळत आला, तर मात्र त्याची वेळ भरली आहे.

१९९५ पर्यंतच्या मियाटात स्कॅनर लावायची सोय नाही. बॉनेटखालच्या तपासणी-पेटीतली ठरावीक दोन टोके वायरच्या तुकड्याने जोडायची, चावी ‘ऑन’ करायची आणि दिव्याची लुकलुक मोजायची. एक लांब आणि पाच आखूड म्हणजे १५, ऑक्सिजन सेन्सर. १७ म्हणजे इंधन नियंत्रणाची ही साखळीच नीट चालत नाही. दोन्ही आकडे तक्रार कुठे आहे ते सांगतात, आरोपी कोण ते सांगत नाहीत.

काढलेला जुना सेन्सर फेकून देण्याआधी त्याचे टोक पाहावे. काळी काजळी असेल तर इंधन जास्त जाते आहे. तपकिरी थर असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे. पांढरट थर कूलंटच्या गळतीचा किंवा चुकीच्या सिलिकॉन सीलंटचा असू शकतो. मूळ दुखणे तसेच ठेवले, तर नवा सेन्सरही त्याच रांगेत जाऊन बसतो.

काढायला इतका चिवट का?

सेन्सरचे आटे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि त्याचे डोके २२ मिलिमीटरच्या पान्याचे. कागदावर काम सोपे आहे. पण ते आटे तीस वर्षे तापत आणि निवत आलेले असतात, गंजाने लोखंडाशी एकजीव झालेले असतात. जोर जास्त लावला की सेन्सरबरोबर समोरचे आटेही खरवडून बाहेर येतात, आणि शंभर डॉलरच्या आतल्या कामाचे वेल्डिंगच्या कामात रूपांतर होते.

गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री, थंड पाइपवरच मारावे. तापलेल्या पाइपवर ते पेट घेऊ शकते. दुसऱ्या दिवशी इंजिन थोडा वेळ चालवून पाइप कोमट असताना, जाड हातमोजे घालून काम करावे. वायर आत जावी म्हणून खाच ठेवलेला खास सॉकेट मिळतो. सेन्सर टाकायचाच असेल, तर वायर कापून सरळ रिंग पाना चढवणे अधिक भरवशाचे, कारण तो घसरत नाही. थोडा सुटला की पुन्हा थोडा आवळायचा, पुन्हा सोडायचा, मध्ये तेलाचे दोन थेंब. आणि गाडीखाली शिरायचे असेल, तर फक्त जॅकच्या भरवशावर कधीही नाही, मजबूत घोड्या लावूनच.

नवा बसवताना कुठे चुकते?

आट्यांना उष्णता सोसणारे अँटी-सीझ ग्रीस लागते. अनेक नव्या सेन्सरना ते आधीच लावलेले असते. टोकाला त्याचा स्पर्शही होता कामा नये. आटे सील करणारी टेप तर अजिबात नको, कारण एका वायरच्या सेन्सरला अर्थिंग त्याच आट्यांतून मिळते. आवळण्याचा जोर ३० ते ५० न्यूटन-मीटर.

मोठी चूक वायरीत होते. स्वस्तातला ‘युनिव्हर्सल’ सेन्सर घेतला, तर जुना कनेक्टर कापून नव्या वायरींना जोडावा लागतो, आणि हौशी माणूस सवयीने सोल्डरिंग गन काढतो. पण अनेक सेन्सर आतल्या बाजूची ताजी हवा या वायरींच्या तारांमधल्या बारीक फटींतूनच घेतात. सोल्डर किंवा कनेक्टरमध्ये भरलेले ग्रीस ती वाट बुजवते आणि नवा कोरा सेन्सर गुदमरून चुकीचे आकडे देऊ लागतो. म्हणून उत्पादक दाबून बसवायचे जोड वापरायला सांगतात. त्याच गाडीचा कनेक्टर असलेला सेन्सर घेतला, तर हा प्रश्नच उरत नाही. थोडे जास्त पैसे इथे वाजवी आहेत.

भारतातल्या वाचकाचा काय संबंध?

इथे मियाटा दुर्मीळ, पण हा सेन्सर घराघरात आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला आणि इंधन इंजेक्शनबरोबर बहुतेक स्कूटर-बाइकच्या सायलेन्सरच्या पाइपवर ऑक्सिजन सेन्सर आला. गॅरेजमध्ये ‘सेन्सर गेलाय’ हे वाक्य तेव्हापासून वाढले. आधी नळ्या, प्लग आणि पाइपची गळती पाहा, हा नियम तिथेही तसाच लागू होतो. शिसेयुक्त पेट्रोल या सेन्सरचा मोठा शत्रू होते. भारतात ते १ फेब्रुवारी २००० पासून पूर्ण बंद झाले.

बदलल्यावर लगेच तपासणीला जायचे का?

साठवलेला कोड पुसण्यासाठी बॅटरीची ऋण वायर काढून ठेवतात. पहिल्या पिढीच्या मियाटाची बॅटरी बॉनेटखाली नव्हे, डिकीत असते, त्यामुळे नवखा मालक ती आधी शोधतच बसतो. वायर काढली की संगणकाने शिकलेलेही पुसले जाते. १९९५ पर्यंतच्या गाडीला काही दिवस नेहमीसारखे चालवून पुन्हा रोलरवर नेता येते. १९९६ नंतरच्या गाडीचे मात्र वेगळे आहे. संगणक स्वतःच्या चाचण्या पुन्हा पूर्ण करेपर्यंत स्मॉग चेकचे यंत्र तिला ‘तयार नाही’ म्हणते. कॅलिफोर्नियात १९९६ ते १९९९ च्या पेट्रोल गाड्यांना एकच चाचणी अपूर्ण असण्याची सूट आहे, त्यानंतरच्या गाड्यांना फक्त पेट्रोलच्या वाफांची चाचणी अपूर्ण चालते. आदल्या संध्याकाळी कोड पुसून सकाळी रांगेत उभा राहिलेला मालक म्हणूनच हात हलवत परततो. थंड इंजिनापासून सुरुवात, थोडा शहरातला रस्ता, थोडा एका वेगातला हायवे, असे काही दिवस गाडी चालवावी लागते. त्या काळात चेक इंजिनचा दिवा पुन्हा पेटला, तर मल्टिमीटर घेऊन पुन्हा बॉनेट उघडायचे आणि या वेळी सुरुवात रबरी नळ्यांपासून करायची.