हवापाणी मानवेल ना?

परदेशातली ऑफर म्हणजे फक्त पॅकेज नव्हे. सही करण्याआधी दोन गोष्टी तपासा : तिथली हवा आणि तिथली संध्याकाळ.

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या मित्राने मोबाइलवर ई-मेल उघडला आणि तिथूनच मला फोन केला. सिंगापूरची ऑफर! रात्रीपर्यंत पगार, भाडं, टॅक्स असा सगळा हिशेब एक्सेल शीटमध्ये तयार. घरी पेढे आले. आजीने मात्र एकच प्रश्न विचारला, ‘‘तिथलं हवापाणी मानवेल ना रे तुला?’’ सगळे हसले. तो हसला नाही. त्याच्या लॅपटॉपच्या बॅगेत शाळेपासूनचा सोबती असतो : इनहेलर.

आकडा कोणता, पट्टी कोणती?

हवेचा आकडा नेटवर दोन मिनिटांत सापडतो, पण फसवतोही. कारण प्रत्येक देशाची मोजपट्टी वेगळी. हवेच्या एका घनमीटरमध्ये पीएम २.५ हे सूक्ष्म कण ६० मायक्रोग्रॅम असतील, तर भारतीय एक्यूआय १०० दाखवतो आणि त्याला ‘समाधानकारक’ म्हणतो. अमेरिकी पट्टीवर तीच हवा दीडशेच्या पुढे, म्हणजे चक्क आरोग्याला अपायकारक! सिंगापूरचा तर पीएसआय हा स्वतःचाच निर्देशांक आहे. म्हणून तुलना करायची तर थेट पीएम २.५ ची करा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची शिफारस वर्षाच्या सरासरीला ५ मायक्रोग्रॅमची आहे. आपली भारतीय मर्यादा ४० आहे. त्यामुळे ‘इथे काय कमी धूर आहे?’ हा प्रश्नही रास्तच.

ऐकीव माहितीवरही जाऊ नका. बीजिंग म्हटलं की अजून मास्क लावलेली गर्दीच डोळ्यांसमोर येते. पण तिथली पीएम २.५ ची वार्षिक सरासरी २०१३मध्ये ८९.५ होती, ती २०२१मध्ये ३३वर आली.

सरासरीच्या मागे लपलेले महिने

सिंगापूर एरवी गुणी मुलासारखं वागतं. पण जून ते ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत शेजारच्या सुमात्रात जंगल आणि दलदलीची जमीन साफ करायला आगी लावल्या जातात. कुजलेल्या झाडपाल्याची ती जमीन आतल्या आत आठवडेच्या आठवडे धुमसते आणि नैर्ऋत्येचा वारा तो धूर सरळ शहरावर आणतो. तिकडे त्याला ‘हेझ’ म्हणतात. २१ जून २०१३ला पीएसआय ४०१वर गेला होता. ३००च्या पुढे ‘घातक’ पातळी सुरू होते. २५ सप्टेंबर २०१५ला तर शाळांना सुट्टी द्यावी लागली. दरवर्षी असं होत नाही, पण दमेकऱ्याला एक वाईट महिनाही पुरतो.

गुरुवारी जेवायला कोण?

आता दुसरा कॉलम. सिंगापुरात महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती आहेत, लिटल इंडियाच्या टेका मार्केटात कढीपत्ताही मिळतो. सणाचा दिवस निघतो हो! खरी परीक्षा असते ती एखाद्या साध्या गुरुवारी. आठला ऑफिस सुटलं, तर ‘चल, चहा घेऊ’ म्हणणारं कोण आहे? पुण्यात आई-बाबा जेवून निवांत होतात नऊ-साडेनऊला, तेव्हा तिथे मध्यरात्र होत आलेली असते. आणि जोडीने जाणार असाल तर हे जरूर वाचा : १ मे २०२१पासून डिपेंडंट पासवर आलेल्या जोडीदाराला नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास काढावा लागतो. नाहीतर एकाचं करिअर आणि दुसऱ्याच्या चार भिंती.

गंमत म्हणजे हे दोन्ही कॉलम शेवटी एकच निघतात. ईस्ट कोस्ट पार्कचं सायकलिंग, संध्याकाळचा फुटबॉल, हॉकर सेंटरची उघडी टेबलं... नव्या माणसाच्या ओळखी होतात त्या इथेच. हेझ आला की नेमकं हेच आधी बंद होतं. मग उरता तुम्ही, बंद खिडक्या आणि एअर प्युरिफायर. श्वास मोकळा असतो, पण बोलायला कुणी नसतं.

सही करण्याआधी

• किमान पाच वर्षांचे पीएम २.५ चे आकडे महिन्यावार बघा.
• दमा, ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. जुना आजार कंपनीच्या विम्यात पहिल्या दिवसापासून धरला जातो का, ते लेखी विचारा.
• जमल्यास आठवडाभर राहून या. मॉल नको, ऑफिसच्या वेळेची मेट्रो आणि संध्याकाळ बघा.
• घर निवडताना ऑफिसइतकंच बॅडमिंटन हॉल, लायब्ररी जवळ आहे का, तेही बघा. छपराखाली होणारा एक तरी छंद हवाच.
• तिथे तीन वर्षं काढलेल्या माणसाला विचारा, ‘‘पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत वाईट दिवस कोणता होता?’’

मित्राने दोन आठवडे घेतले, मग सही केली. निघण्याआधी आजीला म्हणाला, ‘‘हवा बहुतेक मानवेल गं. माणसं मात्र जमवावी लागतील.’’

आजी म्हणाली, ‘‘मग आधी ती जमव. खोकला आला तर पाणी द्यायला कुणीतरी हवं.’’

एक्सेल शीटमध्ये त्याने एक कॉलम वाढवलाय. त्यात अजून दोनच नावं आहेत.