भट्टी पेटण्यापूर्वींचें गणित

वर्धा जिल्ह्यांतील खैरवाडा येथें महापाषाणकालीन शिलावर्तुळें आहेत. त्याच काळांतील लोखंड गाळण्याची भट्टी शेजारच्या नागपूर जिल्ह्यांत, नायकुंड येथें, उत्खननांत सांपडली. सुमारें २५०० वर्षांपूर्वींच्या त्या लोहाराजवळ डोळा आणि हात एवढींच साधनें; चुकलें तर पुन्हां भट्टी पेटवावयाची! पुढेंहि कित्येक शतकें रीत ढोबळमानानें तीच राहिली. एक मुख्य धातु घ्यावा, त्यांत दुसऱ्याची चिमूट टाकावी, आणि काय होतें तें पाहावें. आमच्या घरांत आमटीला चव अशीच आणतात. (हें आम्ही कौतुकानें लिहीत आहों.)

पण पांच धातु सारख्याच प्रमाणांत घेतले तर? प्रा. एस्. रंगनाथन यांनीं २००३ सालीं 'करंट सायन्स'मध्यें अशा मिश्रणांकडे लक्ष वेधलें. नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर डॉ. बी. एस्. मूर्ति यांनीं रंगनाथन व तैवानचे येह यांच्यासह २०१४ सालीं त्यांवर ग्रंथच लिहिला. वर्ध्याहून हें महाविद्यालय कांहीं फार लांब नाहीं.

अडचण संख्येची आहे. वीस धातूंतून पांच निवडण्याचे प्रकार १५,५०४ होतात. रोज एक वितळविला तरी ४२ वर्षें पुरणार नाहींत, म्हणजे माणसाची सारी नोकरी त्यांतच सरावी! शिवाय प्रमाण बदललें कीं मोजदादच खुंटते. म्हणून संगणक हवा. पाणी सखल जागीं जाऊन थांबतें, तसा धातु कमीत कमी ऊर्जेच्या स्थितींत स्थिरावूं पाहतो. ही ऊर्जा प्रयोगांच्या आंकड्यांवरून सूत्रांत मांडली, कीं कोणत्या उष्णतेस कोणती घडण टिकेल तें संगणक सांगतो. लॅरी कॉफमन व बर्नस्टाइन यांचा या गणितावरील ग्रंथ १९७० सालचा.

मात्र दोन-तीन धातूंचे आंकडे पुष्कळ, पांचांचे थोडे; तेथें गणित अदमासानेंच पुढें जातें. संगणक शिकलेला मुलगा भट्टीच्या धगीपासून सुटला, असें समाधान मानणाऱ्या पालकांशीं म्हणूनच आमचें जमत नाहीं. इंग्लंडांत कँटर यांनीं वीस मूलद्रव्यें समप्रमाणांत वितळविलीं, तों तें मिश्रण ठिसूळ निघालें. पण त्याच ठिसूळ गोळ्यांतील एका भागांत लोह, निकेल, कोबाल्ट, क्रोमियम व मँगॅनीज हे पांच एकजीव झालेले दिसले. २००४ सालीं तो शोध प्रसिद्ध झाला. अशा पंचधातूची २०१४ सालीं कसोटी घेतली, तेव्हां साधें पोलाद ज्या थंडींत कांचेसारखें तडकतें, त्या उणे १९६ अंशांत तो अधिकच बळकट ठरला, आणि ताणलाहि अधिक गेला.