एकच गणित, तीन परीक्षा

अमेरिकेत अकरावी-बारावीचे काही विद्यार्थी महाविद्यालय-प्रवेशासाठीच्या एसएटी व एसीटी आणि महाविद्यालयीन पातळीची एपी प्रीकॅल्क्युलस या तीन परीक्षा देतात.

- प्रीकॅल्क्युलस हा विषय: कलनाच्या (कॅल्क्युलसच्या) आधीची पायरी. बहुपदी, घातांकी, लॉगॅरिदमिक व त्रिकोणमितीय फलांचा अभ्यास.
- एसएटी: गणिताचे 44 प्रश्न, 70 मिनिटे, 200 ते 800 गुण. कॅल्क्युलेटर पडद्यावरच उपलब्ध.
- एसीटी: 2025 पासूनच्या नव्या रचनेत 45 प्रश्न, 50 मिनिटे; गुण 1 ते 36.
- एपी प्रीकॅल्क्युलस: पहिली परीक्षा मे 2024. 40 बहुपर्यायी व 4 लेखी प्रश्न, 3 तास. श्रेणी 1 ते 5. काही भागांत आलेखी कॅल्क्युलेटर आवश्यक, उरलेल्यांत मनाई.
- सामाईक अभ्यास: वर्गसमीकरणे, घातांकी वाढ, त्रिकोणमितीची गुणोत्तरे, अंश-रेडियन रूपांतर (180 अंश = पाय रेडियन).
- फरक: ध्रुवीय निर्देशक एपीत आहेत, एसएटीत नाहीत. लॉगॅरिदमही एसएटीत नाही. एपीच्या लेखी प्रश्नांत कारणमीमांसाही मांडावी लागते.
- बंद झालेली: एसएटीची विषयवार ‘गणित स्तर 2’ परीक्षा, 2021.
- लक्षात ठेवा: तिन्ही परीक्षांत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडू नका.