ज्यांनी ‘नको’ म्हटलं, त्यांच्याच नावाची मंडई

(नभोवाणीवरील भाषणावरून)

सातवीत असताना मी वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतला होता. विषय होता ‘आमची मंडई’. अब्बा मंडईत फळांच्या गाळ्यावर कामाला होते, त्यामुळे या विषयावर आपला हक्कच आहे असं मला वाटायचं. मी ठणकावून सांगितलं, “महात्मा फुले यांनी गोरगरिबांसाठी ही मंडई बांधली.” टाळ्या पडल्या. बक्षीस म्हणून दोनशे पानी वही मिळाली. परीक्षक, शिक्षक, समोर बसलेले पालक, कुणालाही त्यात काही खटकलं नाही.

बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असताना धनंजय कीरांनी लिहिलेलं जोतीरावांचं चरित्र हाती लागलं, आणि मी वाचनालयात एकटाच लाजून लाल झालो. फुल्यांनी ही मंडई बांधली नव्हती. तिला त्यांनी विरोध केला होता.

जोतीराव १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. भाजीबाजार तेव्हा शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या मैदानात भरायचा. त्यासाठी मोठी इमारत बांधायची असं ठरलं. खर्च होता सुमारे तीन लाख रुपये. त्या काळचे तीन लाख! फुल्यांचं म्हणणं साधं होतं. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. असा विरोध करणं त्यांना नवं नव्हतं. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून गाव सजवायला हजार रुपये मंजूर करायचे होते, तेव्हा बत्तीस सभासदांत ‘नको’ म्हणणारे ते एकटेच होते. पण इमारत झाली. १८८६ साली ती खुली झाली आणि मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जाऊ लागली. मधला उंच मनोरा, भोवती आठ पाखी, वरच्या मजल्यावर नगरपालिकेची कचेरी. इमारत देखणी आहे, यात वाद नाही. फुल्यांनाही ती कुरूप वाटत होती असं नाही. त्यांचा हिशेब वेगळा होता, इतकंच.

आज वादग्रस्त पुतळ्यांवर आणि नावांवर इतकं तावातावानं बोललं जातं की मला मंडईची आठवण होते. सार्वजनिक जागेवरची खूण बदलायची म्हणजे काय करायचं, याचा सगळा पाठ या एका चौकात वाचायला मिळतो.

१९२० साली लोकमान्य गेले. १९२४ च्या जुलैत त्यांचा पुतळा याच मंडईपाशी उभा राहिला. अनावरणाला पंडित मोतीलाल नेहरू आले होते. म्हणजे मागे इंग्रज गव्हर्नराचं नाव आणि पुढे त्या सरकारनं मंडालेला धाडलेला माणूस, असं ते दृश्य बरीच वर्षं होतं. (पुण्याला याचं फारसं नवल नाही. गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या नावाचं कॉलेज काढणाऱ्यांत खुद्द टिळकच होते, आणि ते नाव आजही आहे.)

पुढच्याच वर्षी, १९२५ साली, केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत मागणी केली, की फुल्यांचाही पुतळा उभारा. मागणी फेटाळली गेली. गाव पेटलं. दिनकरराव जवळकरांनी ‘देशाचे दुश्मन’ नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर इतकी जहाल टीका होती की खटला झाला. आरोपींची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. एका पुतळ्यावरून एवढं महाभारत! आणि पुढं काय झालं? तेच जेधे काँग्रेसमध्ये आले, काकासाहेब गाडगीळांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. आज स्वारगेटच्या चौकाला जेध्यांचं नाव आहे. रोज हजारो माणसं तिथं एसटीतून उतरतात.

मग १९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे साहेबांचं नाव गेलं आणि ‘महात्मा फुले मंडई’ हे नाव आलं. दिवसाढवळ्या, सभेत. इमारतीची एक वीटही हलली नाही. टिळक होते तिथंच राहिले. आज अनंत चतुर्दशीला विसर्जनाची मिरवणूक टिळकांच्या याच पुतळ्यापासून निघते, ती फुल्यांच्या नावाच्या मंडईसमोरून.

हे चांगलंच झालं, असं मी मानतो. पण त्यात काहीतरी हरवलं, आणि ते माझ्या सातवीतल्या भाषणात हरवलं. रे साहेब विस्मरणात गेले, त्याचं मला दुःख नाही. पण फुल्यांचा विरोधही त्यांच्याबरोबर गेला. आपण त्यांचा गौरव केला आणि त्या गौरवाखाली त्यांचं म्हणणं झाकून टाकलं. ‘मंडई कशाला, शाळा काढा’ असं म्हणणारा माणूस मंडईचा जनक होऊन बसला. नाव बदललं की भांडण मिटतं, असं आपल्याला वाटतं. खरं तर भांडण कशावरून होतं तेच विसरलं जातं.

मंडईतून चालत निघालात तर थोड्या वेळात लाल महाल येतो. तिथं जिजाऊ आणि नांगर धरलेले बाल शिवराय यांच्या शिल्पात दादोजी कोंडदेव यांचाही पुतळा होता. दादोजी शिवरायांचे गुरू होते का, हा प्रश्न रास्त होता आणि आहे. त्याला कागदपत्रांत आधार नाही, असं म्हणणारे इतिहासाचे अभ्यासक होते. महापालिकेनं ठराव केला, तोही लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहात. इथपर्यंत माझी तक्रार नाही. पण २०१० च्या डिसेंबरात तो पुतळा हलवला गेला तो रात्री, पोलीस बंदोबस्तात. सकाळी उठून गावानं पाहिलं तेव्हा जागा मोकळी होती. मग बंद, मग दगडफेक. ठराव उजेडात झाला, अंमलबजावणी अंधारात झाली. २०१७ च्या जानेवारीत संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा तर काही जणांनी रात्री उखडून मुठेत फेकला. तिथं ठरावही नव्हता. गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकातल्या संभाजीराजांच्या चित्रणावर राग होता. नाटकावर बोलता आलं असतं, लिहिता आलं असतं. मी कवी आहे. लिहिणाऱ्याचा पुतळा नदीत पडला की माझ्या पोटात खड्डा पडतो, हे लपवत नाही.

मुंबईनं १९६५ साली दुसरी वाट काढली. व्हिक्टोरिया राणी आणि काळ्या घोड्यावरचा राजपुत्र, दोघांनाही उचलून राणीच्या बागेत नेऊन ठेवलं. फोडलं नाही, मानानं चौकातही ठेवलं नाही. लोक मात्र त्या जागेला काळा घोडाच म्हणत राहिले. अखेर २०१७ साली तिथं नवा घोडा आला. स्वार नसलेला.

आता तुम्ही विचाराल, किंवा मनात म्हणाल, की हा खुलताबादचं काय ते का बोलत नाही? माझं नाव ऐकलं की हा प्रश्न येतोच. २०२५ च्या मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल झाली, त्या आठवड्यात तो मला तीन वेळा विचारला गेला. एकदा तर भाजी घेताना. त्या बादशहाची वकिली करायचं मला काही कारण नाही. पण पुतळा आणि कबर या वेगळ्या गोष्टी आहेत. पुतळा कुणीतरी कौतुकानं उभारतो, म्हणून तो काढायचा का यावर वाद होऊ शकतो. कबर कौतुकासाठी नसते. जो मराठ्यांना संपवायला आला, तो १७०७ साली याच मुलखात मेला, याची ती खूण आहे.

मंडईपुरतं माझं मागणं लहान आहे. दारावर एक पाटी हवी. तिच्यावर चार ओळी: ही इमारत केव्हा झाली, आधी कुणाचं नाव होतं, फुल्यांनी तिला का विरोध केला, आणि तरी त्यांचं नाव का दिलं. मी मंडईत नेहमी जातो. अशी पाटी मला अजून दिसलेली नाही. शिवाय आणखी एक ओळ असावी. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर कोल्हापूर प्रकरणात अडकले, तेव्हा जोतीरावांनी रामशेठ उरवणे यांच्याकडून दहा हजारांचा जामीन मिळवून दिला होता. मतभेद असताना.

परवा मेट्रोनं मंडईला उतरलो, सोबत धाकट्या भावाची मुलगी होती. तिच्या शाळेतही स्पर्धा आहे, विषय जवळपास तोच. मी तिला सगळं सांगितलं. ती मनोऱ्याकडे बघत म्हणाली, “बडे अब्बा, म्हणजे त्यांनी ‘नको’ म्हटलं होतं, हे नाव देणाऱ्यांना माहीत नव्हतं का?”

मी म्हणालो, “माहीत असणार.”

“मग मी भाषणात सांगू?”

सांग म्हटलं. तिचं भाषण येत्या शनिवारी आहे.