नेवाशाची पोथी, तरवडीचा छापखाना

लिहिण्याचे, छापण्याचे किंवा निरोप पोचवण्याचे साधन बदलले, की समाजात कोणाचा शब्द चालतो तेही बदलते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एकट्या नेवासे तालुक्यातही हे स्पष्ट दिसते.

ज्ञानदेवांनी गीतेवरची टीका नेवाशात सांगितली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० च्या सुमारास. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे हातानेच नकला होत गेल्या. नक्कल करताना शब्द गळत, बदलत, मध्येच एखादी नवी ओवी शिरे. म्हणून शके १५०६ मध्ये एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. बहुतेकांपर्यंत हा ग्रंथ पोचला तो कीर्तन-प्रवचनातून, कानांनी. ओव्या सर्वांच्या तोंडी होत्या, पण लेखणी थोड्यांच्याच हाती राहिली.

गावात ती कुलकर्ण्याच्या हाती होती. दप्तर मोडीत लिहिले जाई आणि शेतकरी त्यावर नांगराची निशाणी करी किंवा अंगठा उठवी. जमीन ज्याची, त्यालाच तिचा कागद वाचता येत नसे. कुलकर्ण्याच्या सत्तेचे मूळ त्या दप्तरात होते.

छपाईने या मक्तेदारीला पहिला धक्का दिला. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी, तेव्हाच्या अहमदनगरात, ‘ज्ञानोदय’ सुरू केले. पत्राचा हेतू धर्मप्रसाराचा होता, आणि काही वर्षांतच ते मुंबईला गेले. पण छापील पानावर एकदा जागा झाली, की तिथे मूळ हेतूबाहेरचे आवाजही येतात. १८५५ मध्ये याच ‘ज्ञानोदया’त फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग समाजातल्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन भागांत छापून आला. हाताने लिहिलेल्या पोथ्यांच्या व्यवहारात तिला लेखक म्हणून स्थान मिळणे अशक्यच होते.

तरीही छापखाने शहरांतच राहिले. खेड्याविषयी लिहिले जाई ते शहरात बसून. हा क्रम उलटवला मुकुंदराव पाटलांनी. ‘दीनबंधू’ काढणाऱ्या सत्यशोधक कृष्णराव भालेकरांचे हे पुत्र पाटील घराण्यात दत्तक गेले होते. १९१० मध्ये त्यांनी ‘दीनमित्र’ साप्ताहिक सुरू केले आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या आडगावातून ते १९६७ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत चालवले. एकेक खिळा जुळवून पान उभे करायचे, छापायचे, घड्या घालून टपालात टाकायचे, आणि हे आठवड्यामागून आठवडे. मराठी पत्रकारितेच्या इतिहासात या कामाला जितकी जागा मिळायला हवी तितकी मिळालेली नाही.

त्या काळी मुंबई इलाख्यात शंभरांत दहा माणसेही साक्षर नव्हती. मग खेड्यात वाचणार कोण? एकाने वाचायचे आणि भोवती बसलेल्यांनी ऐकायचे, ही कीर्तन-पोथीतून अंगवळणी पडलेली रीत इथे उपयोगी आली. मजकूर मात्र आता सावकारी, भिक्षुकी, शेतकऱ्यांचे कर्ज, शिक्षण यांचा होता. मुकुंदरावांचे ‘कुलकर्णीलीलामृत’ पोथीच्याच थाटात कुलकर्ण्याचे कारभार उघडे करते. लोकांच्या कानांना ओळखीचा असलेला साचा घेऊन त्यात नवा विचार भरण्याची ही हातोटी छापखान्याइतकीच मोलाची होती. नवे साधन जुन्याला पुसून टाकत नाही, त्याच्याच खांद्यावर बसून गावात येते.

रेडिओने अक्षरओळखीची अट काढून टाकली. पण बोलणारा केंद्रात आणि ऐकणारा शेतात, हे अंतर कायम राहिले.

मोबाइलने तेही मिटवले. याच तालुक्यातल्या घोडेगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव चालू असतानाच भाव शेतकऱ्याच्या हातातल्या पडद्यावर येतो. माल आज काढायचा की थांबायचे, हे ठरवताना त्याला व्यापाऱ्याच्या सांगण्यावर विसंबावे लागत नाही. शिवाय बाजारातला फोटो तोच इतरांना पाठवतो, म्हणजे ऐकणारा आणि सांगणारा एकच झाला. या मोकळीकीची किंमतही आहे. मुकुंदराव छापलेल्या प्रत्येक ओळीला नावानिशी जबाबदार होते. व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकललेल्या मजकुराला बहुधा धनीच नसतो, आणि हाती केलेल्या नकलांप्रमाणे त्यातही वाटेत भर पडत जाते. नक्कल मात्र आता क्षणात होते, आणि प्रती ताडून पाहण्याचे काम ज्याच्या त्याच्यावर येऊन पडले आहे.